धर्म कोणाच्या मालकीचा?

वक्तृत्वस्पर्धांच्या विषयपत्रिकेत काही विषय कधीच निवृत्त होत नाहीत. 'विज्ञान : शाप की वरदान' हा त्यांतला एक आणि 'धर्म : जोडणारा की तोडणारा' हा दुसरा. आम्ही दोघेही कोल्हापुरात मराठी शिकवतो आणि या व्यवसायात परीक्षकाच्या खुर्चीवर बसणे चुकत नाही. त्यामुळे या दुसऱ्या विषयावरील भाषणे आम्ही आजवर किती ऐकली याची मोजदाद उरलेली नाही. ती बहुधा दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात 'सर्व धर्मांची शिकवण एकच' हे पटवण्यासाठी ज्ञानेश्वर, कबीर, येशू ख्रिस्त आणि पैगंबर यांना एका ओळीत उभे केले जाते. दुसऱ्या प्रकारात धर्मयुद्धांपासून फाळणीपर्यंतच्या रक्तपाताचा ताळेबंद मांडला जातो आणि धर्म नावाची अफू मानवजातीने टाकून द्यावी या आवाहनाशी वक्ता टाळ्या घेतो. दोन्ही भाषणांना बक्षिसे मिळतात. दोन्हींमुळे सभागृहातील एकाही माणसाची झोप उडत नाही.

विद्यार्थ्यांना आम्ही दोष देत नाही. ज्या प्रौढांनी त्यांना हा विषय दिला त्यांची चर्चा तरी याच्या पुढे कुठे जाते? शहरात काही विपरीत घडले की सद्भावना फेरी निघते, व्यासपीठावर चार धर्मांचे चार प्रतिनिधी बसतात आणि पहिल्या प्रकारचे भाषण करतात. परिवर्तनवादी नियतकालिकांत त्याच आठवड्यात दुसऱ्या प्रकारचे भाषण लेखरूपाने छापून येते. मग सारे आपापल्या घरी जातात. आमचे म्हणणे असे आहे की, हे दोन्ही पक्ष एकमेकांचे विरोधक नसून एकाच आळसाचे दोन उद्गार आहेत, आणि या आळसाची किंमत आता दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागत आहे.

मराठीचे अध्यापक म्हणून आम्हांला पहिली शंका व्याकरणाची येते. 'धर्म जोडतो' किंवा 'धर्म तोडतो' या वाक्यात धर्म हा कर्ता आहे. पण धर्म कोणत्याही दाराला कुलूप लावत नाही. कुलूप पुजारी लावतो, विश्वस्त लावतो, मुतवल्ली लावतो, मठाधिपती लावतो, तालमीचा किंवा मंडळाचा अध्यक्ष लावतो. किल्ली असते ती माणसाच्या कमरेला. कर्त्याच्या जागी 'धर्म' हा शब्द बसवला की, ही किल्लीवाली माणसे वाक्यातून अलगद बाहेर पडतात आणि आपण एका अमूर्त नामाशी वाद घालत बसतो. म्हणून आम्ही प्रश्न बदलून विचारतो: धर्म कोणाच्या मालकीचा आहे? मंत्र म्हणण्याचा हक्क कोणाचा, गाभाऱ्यात जाण्याचा कोणाचा, पेटीतल्या पैशांचा हिशेब कोण ठेवतो आणि पहिला मान कोणाला? या प्रश्नांची उत्तरे ज्या ठिकाणी एकाच्याच हाती एकवटतात तिथे माणसे तुटतात, मग त्यांचा धर्म एक असो वा दोन. ही उत्तरे जिथे वाटून घेतलेली असतात तिथे माणसे टिकून राहतात.

हे आम्ही पुस्तकी तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही. कोल्हापूर संस्थानचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास या एका मुद्द्यावर जितका बोलका आहे तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या गावाचा असेल.

१८९९ सालच्या कार्तिकस्नानाची गोष्ट येथे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. राजर्षी शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला जात असत आणि पुरोहित मंत्र म्हणत असे. ते मंत्र वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, ही गोष्ट सोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी महाराजांच्या लक्षात आणून दिली. पुरोहिताचे म्हणणे असे की, शूद्रांना वेदोक्ताचा अधिकार नाही. या प्रसंगाकडे क्षणभर शाहूचरित्राच्या बाहेर जाऊन पाहावे. नदी एक आहे. देव एक आहेत. ग्रंथपरंपरा एक आहे. इतकेच काय, राजा आणि पुरोहित यांत ऐहिक सत्ता राजाकडे आहे. तरीही एका वाक्याने दोघांमध्ये दरी पडली आणि ती पुढे दोन दशके संबंध महाराष्ट्राच्या राजकारणातून गेली. 'धर्म एक असला की समाज एक होतो' असे ज्यांना वाटते त्यांनी आधी पंचगंगेच्या या घाटाचे उत्तर द्यावे. आणि 'धर्म म्हणजेच फूट' असे ज्यांना वाटते त्यांनीही द्यावे. कारण शाहू महाराजांनी त्या घाटावर धर्म सोडला नाही. त्यांनी अधिकार मागितला.

त्यानंतर त्यांनी काय केले ते अधिक महत्त्वाचे आहे. त्यांनी हिंदू ऐक्यावर व्याख्यानमाला योजली नाही. राजवाड्यातील धार्मिक कृत्ये वेदोक्त पद्धतीने करण्यास राजोपाध्यांनी नकार दिला, तेव्हा १९०२ साली त्यांचे वतन खालसा केले. नकार देण्याचा हक्क राजोपाध्यांना जरूर होता. मात्र नकार देऊन त्याच कामाचे उत्पन्न खाण्याचा हक्क नव्हता. इतकी साधी ही भूमिका होती. अपिले वरपर्यंत गेली आणि टिकली नाहीत. १९०१च्या ऑक्टोबरमध्ये लोकमान्यांच्या 'केसरी'ने या प्रकरणी वेदोक्ताच्या मागणीविरुद्ध लेखणी चालवली, याचीही नोंद करून ठेवली पाहिजे. कारण परकी सत्तेविरुद्ध समाज जोडू पाहणारा थोर पुढारीही मालकीचा प्रश्न घरात आला की कोणत्या बाजूला उभा राहतो, हे त्यातून कळते.

वतन खालसा झाले त्याच वर्षी, २६ जुलै १९०२ रोजी, मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. या दोन घटना अभ्यासक्रमात वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवल्या जातात. एक 'धार्मिक सुधारणा' या मथळ्याखाली आणि दुसरी 'सामाजिक न्याय' या मथळ्याखाली. आमच्या मते ती एकच घटना आहे. देवघरातील मक्तेदारी आणि कचेरीतील मक्तेदारी या एकाच किल्लीने उघडतात आणि बंद होतात, हे महाराजांना उमगले होते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो सहज बाजूला सारण्यासारखा नाही. शाहू महाराजांनी काढलेली वसतिगृहे जातवार आणि धर्मवार होती. मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, १९०६ सालची मुस्लिम बोर्डिंग, अस्पृश्य मानलेल्या जातींतील विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली निघालेले मिस क्लार्क वसतिगृह. समाज जोडायला निघालेल्या राजाने मुलांना वेगवेगळ्या घरांत ठेवून समाज तोडलाच ना, असा सवाल आम्हांला वर्गातही विचारला जातो. याचे उत्तर असे की, सर्वांसाठी एकच वसतिगृह हा प्रयोग त्यांनी आधी करून पाहिला होता. दार सर्वांना उघडे होते. आत मात्र एकाच जातीची मुले उरली. नावाने सार्वजनिक आणि व्यवहारात एकाचे, अशी ही अवस्था होती. मग त्यांनी दारे वेगळी केली आणि वर्ग एक ठेवला. राजाराम कॉलेजच्या बाकावर ही सारी मुले शेजारी शेजारी बसली. मुस्लिम समाजाच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. म्हणजे ती संस्था 'त्यांची' राहिली नाही, दरबाराचीही झाली. वेगळेपण हे नेहमीच फुटीचे लक्षण असते असे नाही. ज्याच्या हाती काहीच नव्हते त्याच्या हाती आधी काहीतरी द्यावे लागते. त्यानंतरच 'आपण एक होऊ या' या निमंत्रणाला काही अर्थ येतो.

तरीही महाराजांच्या सर्वच निर्णयांना आम्ही मान डोलावणार नाही. १९२० साली त्यांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठाच्या गादीवर सदाशिवराव बेनाडीकर यांना क्षात्र जगद्गुरू म्हणून बसवले. एका पीठाच्या मक्तेदारीला दुसऱ्या पीठाने उत्तर देण्याचा तो प्रयत्न होता. खुद्द सत्यशोधक मंडळींतून त्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तो मधला दलाल हटवण्यासाठी. दलालाची जात बदलण्यासाठी नाही. मालक बदलल्याने मालकी संपत नाही, एवढा धडा या प्रकरणातून घेता येतो. त्या मानाने त्याच सुमारास ब्राह्मणेतर मुलांना पौरोहित्य शिकवणारी शाळा काढण्याचा त्यांचा उपक्रम अधिक मूलगामी होता; कारण त्यात अधिकार गादीवर बसत नव्हता, शिकणाऱ्याकडे जात होता.

हाच धागा सोळा वर्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हाती दिसतो. १९२०च्या मार्चमध्ये कागल संस्थानातील माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी ज्या तरुण विद्वानाची ओळख 'हा तुमचा पुढारी' या आशयाने करून दिली, त्याच विद्वानाने १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हिंदू धर्माच्या सुधारणेसाठी एक अत्यंत रोकडी सूचना केली. पौरोहित्य वंशपरंपरागत असू नये, ते परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या कोणाही हिंदूला खुले असावे, पुरोहिताला सरकारी सनद असावी आणि त्याच्यावर इतर नोकरांप्रमाणे कायद्याचा अंकुश असावा, अशी ती सूचना. धर्माला अफू ठरवून मोकळे होणाऱ्या मित्रांनी हे पान पुन्हा वाचावे. ज्या माणसाला धर्माच्या नावाने सर्वाधिक तुडवले गेले, त्याने धर्म फेकून देण्याची भाषा केली नाही. त्याने पौरोहित्याच्या परवान्याचा प्रश्न काढला. आणि तो सुटत नाही असे दिसल्यावर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्याने, आणि त्याच्याबरोबर लाखोंनी, दुसरा धर्म स्वीकारला. निधर्मी होण्याचा मार्ग त्यांना ठाऊक नव्हता, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

आता आजच्या कोल्हापुरात येऊ या. अंबाबाईच्या देवळाहून या शहराला जोडणारे दुसरे काय आहे? नवरात्रात पहाटेच्या रांगेत प्राध्यापक, भाजीवाली, मल्ल आणि बांधकाम ठेकेदार एकामागे एक उभे असतात. ते दृश्य आम्हांलाही हेलावून टाकते. पण त्याच देवळाचा अलीकडचा इतिहास पाहा. गाभारा स्त्रियांना खुला व्हावा म्हणून २०११ साली आंदोलन करावे लागले. देवता स्त्री, दर्शनाला येणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया, आणि उंबरठ्याच्या आत जाण्याचा वाद मात्र स्त्रियांचाच. १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मंदिरप्रवेश हा स्त्रियांचा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले, आणि त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत गाभाऱ्यात गेलेल्या तृप्ती देसाई यांना तिथेच मारहाण झाली. २०१७च्या जूनमध्ये देवीला घागरा-चोळी घातल्याचे निमित्त होऊन वंशपरंपरागत पुजाऱ्यांविरुद्ध शहर रस्त्यावर आले, आणि मार्च २०१८मध्ये विधिमंडळाने पगारी पुजारी नेमण्याची तरतूद असलेला कायदा संमत केला. देवीला महालक्ष्मी म्हणावे की अंबाबाई यावरचा वाद तर अद्याप शमलेला नाही. या सर्व प्रकरणांत दुसरा धर्म कुठेही नव्हता. भांडण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घरातले होते आणि प्रत्येक वेळी ते उंबरठा, दक्षिणा, पोशाख आणि नाव यांच्या मालकीचे होते. १८९९चा घाट आणि २०१७चा गाभारा यांत अंतर आहे ते केवळ वर्षांचे.

उलट बाजूची उदाहरणेही याच मातीत आहेत. सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात गोटखिंडी नावाचे गाव आहे. तिथे दरवर्षी गणपती मशिदीत बसतो. वर्तमानपत्रे हे छायाचित्र दर भाद्रपदात 'सलोख्याचे प्रतीक' म्हणून छापतात. पण या प्रथेचा उगम फार थोडे वाचक लक्षात ठेवतात. १९६१ साली पाऊस फार झाला आणि गणपती भिजू लागला, म्हणून तो मशिदीत आणून ठेवला, असे तिथे सांगतात. १९८०पासून ही रीत दरवर्षीची झाली. म्हणजे या प्रथेच्या मुळाशी कुराणाचा आणि पुराणाचा तुलनात्मक अभ्यास नाही. मुळाशी आहे पाऊस आणि शेजाऱ्याचे छप्पर. छप्पर ज्यांचे होते त्यांनी त्यावरची आपली मालकी थोडी सैल केली, एवढेच घडले. कोल्हापुरातील बाबूजमाल दर्ग्याच्या कमानीवर गणपतीची प्रतिमा आहे आणि अनेक तालमींत मोहरमचे पंजे व गणपती ही दोन्ही कामे एकाच कार्यकर्त्यांच्या खांद्यावर पडत आली आहेत. २०१८ आणि २०१९ साली दोन्ही सण एकाच पंधरवड्यात आले तेव्हा एकाच मांडवात दोघांची व्यवस्था करणाऱ्या तालमी या शहराने पाहिल्या. त्या कार्यकर्त्यांना सर्वधर्मसमभावावर दहा ओळी लिहायला सांगितल्या तर कदाचित जमणार नाही. मांडव कोणी घालायचा आणि वर्गणीचा हिशेब कोणी लिहायचा, हे मात्र त्यांना नेमके ठाऊक असते.

मिरजेचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे आणि ते आमच्या सिद्धान्तालाही घाम फोडणारे आहे. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा आहे. मुसलमानांचे पवित्र स्थान, आणि पहिला मान अशा हिंदू समाजाचा, ज्याला हिंदूंच्या देवळात शतकानुशतके पायरीही चढू दिली नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सुरांची आठवणही याच दर्ग्याशी जोडलेली आहे. जोडणाऱ्या व्यवस्थेचे याहून सुंदर उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. आणि तरीही २००९च्या सप्टेंबरात, ऐन गणेशोत्सवात, अफझलखानाच्या वधाचे चित्र असलेल्या कमानीवरून याच मिरजेत दंगल पेटली आणि तिचे लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत आले. त्यापुढच्या महिन्यात विधानसभेची निवडणूक होती, ही नोंद इतिहासकाराने करायची असते. आम्ही फक्त तिच्याकडे बोट दाखवतो. गलेफाच्या मानाने दंगल का थांबली नाही? आमचे उत्तर असे की, गलेफ दर्ग्यात होता आणि कमान रस्त्यावर होती. जिथे मान वाटलेला होता तिथे हात उठला नाही; जिथे मालकीचा नवा फलक उभा राहिला तिथे उठला. जुनी व्यवस्था नव्या जागांना आपोआप लागू होत नाही. ती त्या त्या पिढीला नव्याने बसवावी लागते.

आणि याच कमानीपाशी ती गोष्ट दिसते जिच्याकडे वक्तृत्वस्पर्धेतील दोन्ही पक्षांनी डोळेझाक केली आहे. मिरजेत २००९ साली वाद अफझलखानाच्या चित्राचा होता. कोल्हापुरात ७ जून २०२३ रोजी ज्यावरून जमाव जमला, दगडफेक झाली, अश्रुधूर सोडावा लागला आणि इंटरनेट बंद करावे लागले, ते काही तरुणांनी मोबाईलवर ठेवलेले औरंगजेब आणि टिपू सुलतान यांच्याविषयीचे स्टेटस होते. १४ जुलै २०२४ रोजी मोर्चा विशाळगडावरील अतिक्रमणांविरुद्ध निघाला होता. तिन्ही प्रसंगी ईश्वराच्या स्वरूपाविषयी कोणाचाही मतभेद नव्हता. कोणत्याही ग्रंथातील वचनाचा अर्थ वादात नव्हता. वादात होती सतराव्या आणि अठराव्या शतकातील माणसे आणि एक किल्ला. म्हणजे आज आपल्याकडे ज्याच्या मालकीवरून डोकी फुटत आहेत तो धर्म नसून इतिहास आहे. धर्माचे नाव त्यावर शिक्क्यासारखे उमटवले जाते. अशा वेळी 'सर्व धर्म प्रेमच शिकवतात' हे सांगणे म्हणजे पोट दुखणाऱ्याच्या डोक्याला तेल लावणे होय. आणि 'धर्म नष्ट करा' हे सांगणेही तितकेच निरुपयोगी, कारण उद्या सारी देवळे आणि मशिदी बंद झाल्या तरी अफझलखान आणि औरंगजेब हे पाठ्यपुस्तकात उरतीलच.

गोविंद पानसरे यांना हे पुरते कळले होते. ते मार्क्सवादी होते. धर्मावर जाडजूड टीकाग्रंथ लिहून त्यांना सहज मोकळे होता आले असते. त्यांनी १९८८ साली 'शिवाजी कोण होता?' ही लहानशी पुस्तिका लिहिली आणि आयुष्यभर गावोगाव फिरून तोच प्रश्न विचारला. शिवाजी महाराज कोणा एकाच्या मालकीचे नाहीत, रयतेचे आहेत, असे त्या पुस्तिकेचे सांगणे. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच शहरात सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. आम्हांला एवढेच म्हणायचे आहे की, 'कोण होता?' हा प्रश्न मालकी सैल करणारा आहे, आणि असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाचे शहर आपले आहे.

विशाळगडाकडे पुन्हा एकदा पाहिले पाहिजे, कारण तिथे तर्काने सोडलेली साथ डोळ्यांना दिसते. गडावरील अतिक्रमण हा कायद्याचा विषय आहे. त्याची मोजणी, नोटीस, सुनावणी आणि कारवाई होऊ शकते व व्हावी. पण त्या दिवशी मोडतोड झाली ती गडाखाली, वाटेवरच्या गजापूर येथील मुसलमान वस्तीत आणि तेथील मशिदीत. ज्या घरांची भांडी रस्त्यावर आली त्यांचा गडावरील एका विटेशीही संबंध नव्हता. गुन्हा कोणाचा आणि शिक्षा कोणाला, हे ठरवण्याचा अधिकार जमावाने परस्पर आपल्याकडे घेतला. मालकीची हाव शेवटी इथे पोहोचते. आधी मंत्र आपले, मग देऊळ आपले, मग राजा आपला, मग गड आपला, आणि अखेरीस गडाच्या वाटेवर कोणी राहायचे हेही आपणच ठरवायचे.

६ मे २०२२ रोजी राजर्षींच्या स्मृतिशताब्दीनिमित्त सबंध कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले होते. रिक्षा थांबल्या, दुकानांतले व्यवहार थांबले. त्या शंभर सेकंदांची खिल्ली उडवण्याचा आमचा हेतू नाही. ती श्रद्धा खरी होती. पण त्यानंतर तेराच महिन्यांनी शिवाजी चौकात जे घडले ते पाहता हे बोलावेच लागते की, 'हे शाहूंचे कोल्हापूर आहे' हे वाक्य आपण आता कवचकुंडलासारखे वापरू लागलो आहोत. प्रत्येक अनर्थानंतर ते उच्चारायचे आणि निश्चिंत व्हायचे. शाहू महाराज हे आपल्याला वारशात मिळालेले प्रमाणपत्र नव्हे. ते हुकूम काढणारे गृहस्थ होते. भाऊसिंगजी रस्त्यावर गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले तेव्हा महाराजांनी अस्पृश्यतेवर भाषण केले नाही. ते तिथे थांबून चहा प्यायले आणि सोबतच्यांनाही प्यायला लावला. हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून ज्या माणसाला मार खावा लागला होता, त्याच्या हातच्या कपाला मान मिळाला. मालकी अशी मोडायची असते.

यावर एक भाविक मित्र आम्हांला म्हणतील की, तुम्ही धर्माचा सारा गाभाच वगळून फक्त कारभाराचे बोललात. मुलगा दवाखान्यात असताना आई अंबाबाईपुढे डोळे मिटून उभी राहते तेव्हा ती कोणती मालकी मागत असते? हा प्रश्न आम्ही नम्रपणे ऐकतो. त्या आईला मिळणारा आधार खरा आहे आणि त्याची चेष्टा करणाऱ्या बुद्धिवादाशी आमचे नाते नाही. आम्ही इतकेच सुचवतो की, देव्हाऱ्यापुढे माणूस एकटा असतो आणि त्याचे कोणाशी भांडण नसते. तो रांगेत उभा राहिला की रांगेचे नियम कोणीतरी केलेले असतात. त्या आईला उंबरठ्यापाशी अडवणारा कोण, हा प्रश्न तिच्या श्रद्धेचा अपमान करत नाही. तिच्या बाजूने उभा राहून तो विचारावा लागतो.

तेव्हा वाचकांपुढे आमचे मागणे साधे आहे. प्रत्येकाने आपापल्या देवळाला, मशिदीला, मठाला, चर्चला, तालमीला आणि मंडळाला चार प्रश्न विचारावेत. किल्ली कोणाकडे आहे? हिशेब कोण पाहतो आणि तो कोणाला पाहता येतो? आत कोणाला जाता येत नाही? आणि पहिल्या मानात वर्षानुवर्षे न बदललेले नाव कोणाचे आहे? दुसऱ्याच्या धर्मस्थळाविषयी हेच प्रश्न विचारायला आपण सारे उत्सुक असतो. अट एवढीच की सुरुवात आपल्यापासून करायची. मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंना पाचवा प्रश्न अधिक आहे. ऐतिहासिक कादंबरी हे वाङ्मय आहे, बखर हे साधन आहे आणि इतिहास हे पुराव्याने बांधलेले शास्त्र आहे, हा भेद आपण वर्गात किती वेळा आणि किती धीटपणे सांगतो? मोबाईलच्या पडद्यावर सतरावे शतक पाहून दगड उचलणारा मुलगा कोणाच्या तरी वर्गात बसलेला असतो, बहुधा आपल्याच.

२६ जूनला राजर्षींच्या पुतळ्याला हार पडतील आणि सामाजिक न्याय दिनाची भाषणे होतील. त्या व्यासपीठावर 'धर्म जोडतो' असे कोणी म्हणाले किंवा 'धर्म तोडतो' असे म्हणाले, तर श्रोत्यांपैकी एकाने तरी उठून वाक्याचा खरा कर्ता विचारावा. उत्तरादाखल माणसांची नावे येऊ लागतील, कदाचित त्यांत व्यासपीठावरचीही काही असतील. सभा तेव्हा थोडी अस्वस्थ होईल. ती तशी व्हावी, हीच आमची इच्छा आहे.